शेंडा मारणारी जनुकं

तासगावकडची द्राक्षबाग ज्यानं जवळून पाहिली आहे, त्याला वाढ थांबवण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. छाटणीनंतर वेल अशी फुटते की बघत राहावं. मग फेलफुटी काढायच्या, शेंडा मारायचा, विरळणी करायची. आठ दिवस हयगय झाली की मांडवावर नुसता पाला माजतो. शरीराचंही तसंच आहे. पेशींना वाढायला शिकवावं लागत नाही, त्यांना वेळेवर थांबवणं हे खरं काम. त्या कामाला काही जनुकं नेमलेली असतात, त्यांना अर्बुदरोधक जनुकं म्हणतात. तोंड, जीभ आणि घशाचा कर्करोग होतो, तेव्हा बहुतेक वेळा हीच जनुकं एकेक करून निकामी झालेली असतात.

माझ्या थोरल्या काकींचा दिवस मिश्रीनं उजाडायचा. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची. घरभर ठसका उठायचा, आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग ती हातानं चुरून चपट्या डबीत भरायची आणि तर्जनीनं हिरड्यांवरून फिरवत बसायचं, दिवसातून चार-पाच वेळा. मी बोलले की म्हणायच्या, "अगं, दातच घासते की." तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गालाच्या आत, हिरडीला लागून, रुपयाएवढा पांढरा चट्टा दिसला. दुखत नव्हता आणि खरवडूनही निघत नव्हता.

त्या चट्ट्याच्या आत काय चाललेलं असतं?

तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची रसायनं असतात. शरीरात त्यांचं रूपांतर झालं की ती पेशीतल्या डीएनएला चिकटतात, आणि पेशी दुभागताना तिथली अक्षरं चुकीची उतरतात. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली स्पष्ट केलं. अशी चूक झाली की एरवी अशाच एका अर्बुदरोधक जनुकानं बनवलेलं पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं. ते पेशीचं दुभागणं थांबवतं आणि दुरुस्तीला सवड देतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर त्या पेशीला मरायला लावतं. कठोर वाटेल, पण आपण जगतो ते या कठोरपणामुळेच. १९७९ साली हे प्रथिन सापडलं तेव्हा ते कर्करोग वाढवतं असा समज झाला होता. ते उलट राखण करतं, हे कळायला पुढची दहा वर्षं गेली.

प्रत्येक पेशीत अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. दोन्ही जाव्या लागतात, हा विचार आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगावरून मांडला. पी-५३ची गोष्ट मात्र जास्त अवघड आहे. ही प्रथिनं चौघांच्या जोडणीनं काम करतात. त्यातली एक-दोन जरी बिघडलेल्या प्रतीची असली, तरी सगळी जोडणी लंगडते. म्हणजे एक प्रत शाबूत असूनही राखण ढिली पडते.

तोंडात सहसा सगळ्यात आधी जाते ती पी-१६ या दुसऱ्या राखणदार प्रथिनाची राखण. पेशीनं दुभागायचं की थांबायचं या दारावर ते बसलेलं असतं. ते हरवल्याच्या खुणा पांढऱ्या चट्ट्यांतही सापडतात. कधी जनुकाचा तुकडाच गळतो, तर कधी अक्षरं जागच्या जागी असतात पण वर रासायनिक कुलूप पडतं. २०१५ साली डोके-मानेच्या २७९ गाठींचं जनुकीय वाचन प्रसिद्ध झालं. त्यात विषाणूमुळे न झालेल्या गाठींपैकी ८० टक्क्यांहून अधिक गाठींत पी-५३ बिघडलेलं होतं. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कर्करोगाचं असंच वाचन भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलं. तिथंही पी-५३ होतंच, जोडीला फॅट-१, कॅस्पेस-८ आणि नॉच-१ ही आणखी राखणदार जनुकं. चुना मळून बार जिथं धरतात, त्याच खोबणीतला हा रोग.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा काही कर्करोग वेगळ्या वाटेनं येतो. तिथं एचपीव्ही विषाणू जनुकाला हातही न लावता तयार झालेलं पी-५३ नष्ट करवतो. जनुक शाबूत राहत असल्यानं असे रुग्ण उपचारांना बरा प्रतिसाद देतात.

गावाकडं हमखास ऐकू येतं, "आमचा आजा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होता, काय झालं?" आजोबांचं खरंच काही बिघडलं नसेल. कुठल्या पेशीत कुठलं अक्षर बदलेल हा नशिबाचा भाग असतो. पण प्रत्येक बाराबरोबर ही सोडत पुन्हा काढली जाते, लाखो पेशींत, वर्षानुवर्षं. "घराण्यात कुणाला नाही" हाही आधार नव्हे, कारण हे बिघाड बहुतेक वेळा वारशानं आलेले नसतात, याच जन्मात तोंडात घडलेले असतात.

मग बिघडलेलं पी-५३ बदलून का टाकत नाहीत? चीननं २००३ साली डोके-मानेच्या कर्करोगासाठी चांगलं पी-५३ विषाणूवर लादून गाठीत टोचण्याच्या औषधाला मान्यता दिली, पण जगभर ते रुजलं नाही. जास्त चालणारं प्रथिन औषधानं अडवता येतं. नसलेलं प्रथिन गाठीतल्या प्रत्येक पेशीत पोहोचवणं फार अवघड.

काकींना आम्ही मिरजेला नेलं. १८९४ साली वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्याकडं मोठ्या दुखण्याला मिरजच. तुकडा काढून तपासला. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण कर्करोग नव्हता. चट्टा काढला. काकींनी डबी स्वतःच्या हातानं बंबात टाकली आणि विचारलं, "निघाला न्हवं, मग परत कशाला यायचं?"

डॉक्टरांनी त्यांना आरशात उजवा गाल दाखवला. मिश्री सगळ्या तोंडाला लागली होती. जिथं डोळ्यांना काही दिसत नाही, तिथंही राखण सुटलेल्या पेशींचे पट्टे पसरलेले असू शकतात, हे १९५३ पासून माहीत आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी आम्ही जातो. मधल्या काळात महिन्यातून एकदा काकी खिडकीशी उजेडात बसतात, मी टॉर्च धरते. दोन्ही गाल, हिरड्या, जीभ उचलून खालची बाजू, आणि शेवटी तोंड पुरतं उघडतं का हे बघायला तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते. परवा गेली.