हाड मोडले नाही, तर इजा कसली? आपत्तीत आधी धावून जाणाऱ्यांचा मानसिक आघात आणि भरपाईच्या कायद्याची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या एका कोळसा खाणीत काम करणाऱ्या मजुराला शेजारून आरोळी ऐकू आली. तो धावत गेला, तेव्हा आधाराचे लाकूड आणि कोळशाचा ढिगारा अंगावर कोसळून त्याचा सोबती गंभीर जखमी होऊन पडला होता. त्याने सोबत्याला उचलून बाहेर नेले. स्वतः मजुराला खरचटलेही नव्हते, मात्र त्या दिवसानंतर त्याला कोळसा फोडायच्या जागेवर पुन्हा उभे राहणे जमेना. हे प्रकरण १९१० मध्ये अपील न्यायालयापुढे आले. मज्जातंतूंना बसलेल्या अशा धक्क्याने माणूस कामाला असमर्थ झाला, तर ती मोडलेल्या पायाइतकीच खरी, अपघाताने झालेली वैयक्तिक इजा आहे, असे न्यायमूर्ती फारवेल यांनी स्पष्टपणे म्हटले आणि मजुराला भरपाई मिळाली.

अग्निशमन जवान, पोलीस आणि रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांच्या आघातोत्तर तणाव विकाराला, म्हणजे पीटीएसडीला, कामगार भरपाई लागू करणारे कायदे अमेरिका आणि कॅनडामध्ये प्रामुख्याने गेल्या पंधरा वर्षांत झाले. त्यांच्याकडे नवी सवलत म्हणून पाहिले जाते. पण मदतीला धावलेल्या माणसाच्या मनाला झालेली जखम कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच एकदा ओळखली होती. ती ओळख मधल्या काळात कशी पुसली गेली, हे पाहिल्याशिवाय आजच्या कायद्यांतील अटी आणि वगळलेली माणसे यांचा अर्थ लागत नाही.

हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो रेल्वेमुळे. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये रेल्वे अपघातांतून वाचलेल्या प्रवाशांच्या तक्रारी तपशीलवार नोंदवल्या. बाहेरून मोठी जखम दिसत नसे, तरी माणूस झोपेतून दचकून उठे, त्याचे कामात लक्ष लागत नसे, अंगात बळ उरत नसे. पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्यामुळे हे होत असावे, असे एरिक्सनचे मत होते आणि म्हणून या अवस्थेला ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव पडले. कारण चुकीचे होते, पण निरीक्षण खरे होते. न्यायालये मात्र सावध राहिली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात फाटकवाल्याने घोडागाडी चुकीच्या वेळी रुळांवर सोडली, आगगाडी अगदी जवळून निघून गेली आणि घोडागाडीतील स्त्री त्या भीतीने आजारी पडली. प्रत्यक्ष टक्कर झाली नाही, म्हणून १८८८ मध्ये ब्रिटिश वसाहतींचे शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने तिला भरपाई नाकारली. अशा दाव्यांना वाट दिली, तर खोट्या दाव्यांना धरबंद राहणार नाही, ही धास्ती त्या निकालात उघड दिसते. पुढच्या शतकभर ती धास्ती या विषयाचा पिच्छा पुरवत राहिली.

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८४ मध्ये, इंग्लंडमध्ये १८९७ मध्ये आणि अमेरिकेच्या राज्यांत प्रामुख्याने १९११ पासून कामगार भरपाईचे कायदे आले. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात विल्यम मेरेडिथ यांच्या अहवालावर आधारलेला कायदा १९१४ मध्ये झाला. अमेरिकेतील या कायद्यांमागे मोठा संघर्ष होता. न्यूयॉर्क राज्याचा पहिला सक्तीचा भरपाई कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी घटनाबाह्य ठरवला आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले. या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक देवघेव होती. चूक कोणाची हे न विचारता मालकाने ठराविक भरपाई द्यायची आणि कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा. म्हणूनच या कायद्यात ‘इजा’ या शब्दात काय बसते आणि काय बसत नाही, याला इतके महत्त्व आहे.

जर्मनीचा अनुभव येथे फार बोलका आहे. हेरमान ओपेनहाइम या मज्जाविकारतज्ज्ञाने ‘ट्रॉमॅटिक न्यूरोसिस’ या निदानाची मांडणी केली आणि १८८९ मध्ये तेथील साम्राज्य विमा कार्यालयाने हा विकार भरपाईस पात्र मानला. पुढे पहिल्या महायुद्धातून हादरलेले सैनिक फार मोठ्या संख्येने परतले, निवृत्तिवेतनाचा बोजा वाढला आणि डॉक्टरांमध्येच असे मत बळावले की भरपाईची आशाच या रुग्णांना आजारी ठेवते. १९२६ मध्ये त्याच कार्यालयाने आपली भूमिका उलटवली. लक्षणे रुग्णाच्या आजारी असण्याच्या कल्पनेतून किंवा भरपाईच्या इच्छेतून आली असतील, तर अपघात हे त्यांचे कारण मानता येणार नाही, असे ठरले. सदतीस वर्षांत माणसाचे मन बदलले नव्हते. बदलली होती ती खर्चाची रक्कम.

अमेरिकेत वकील आणि न्यायालये अशा दाव्यांचे तीन गट पाडू लागली. शारीरिक इजेतून मानसिक त्रास झाला, तर भरपाई सहसा मिळे. मानसिक ताणातून हृदयविकारासारखा शारीरिक आजार झाला, तरीही बहुतेक ठिकाणी वाट होती. तिसरा गट अडचणीचा ठरला. मनावरच्या आघातातून मनाचाच आजार झाला आणि शरीराला काहीच झाले नाही, तर काय करायचे? टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये अशा एका कामगाराला न्याय दिला. उंचावरची परांची कोसळली, सोबती डोळ्यांदेखत खाली पडून मेला आणि हा स्वतः दोरात अडकून वाचला. १९६० मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने जुळणी साखळीवरील कामाच्या रोजच्या ताणाने मनोविकार जडलेल्या कामगाराचा दावा मान्य केला. न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली, वरिष्ठाने आत्महत्या केल्यानंतर खचलेल्या महिला कर्मचाऱ्याला भरपाई मिळाली.

दरवाजा उघडतो आहे असे वाटत असतानाच तो पुन्हा लोटला गेला. ताणतणावाचे दावे वाढले, विम्याचे हप्ते चढले आणि १९९० च्या दशकात अनेक राज्यांनी कायदे आवळले. कनेक्टिकटने १९९३ मध्ये इजेची व्याख्याच बदलली आणि शारीरिक इजेतून न उद्भवलेला मानसिक विकार तिच्याबाहेर ठेवला. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी सर्वसाधारण कामगारासाठी अशी अट आली की, मानसिक इजेच्या सर्व कारणांत नोकरीचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याचे त्याने सिद्ध करावे.

आपत्तीत सर्वांत आधी पोचणाऱ्यांना यापेक्षाही अधिक जाचली ती ‘असाधारण ताण’ ही कसोटी. कामगाराला झालेला ताण त्याच्याच पेशातील इतरांना नेहमी होणाऱ्या ताणापेक्षा वेगळा होता का, असे न्यायाधिकरणे विचारत. कारकुनाच्या बाबतीत हा प्रश्न समजण्यासारखा आहे. अग्निशमन जवानाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होई की, जळालेले मृतदेह बाहेर काढणे हे तर त्याचे रोजचेच काम, मग त्यात असाधारण काय? ज्या पेशात भयंकर प्रसंग नेमाने येतात, त्याच पेशातील माणसाला भयंकर प्रसंगाची भरपाई मिळू नये, असा हा हिशेब होता. मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत अन्यायाची जागा हीच वाटते. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, आपत्कालीन कामातील असाधारण ताणातून झालेल्या मानसिक इजेचा दावा केवळ ‘असा ताण या कामात नेहमीचाच’ या कारणाने फेटाळू नये, असे पोलीस, अग्निशमन दल आणि तत्सम कर्मचाऱ्यांपुरते स्पष्ट केले.

इंग्लंडमध्ये, म्हणजे १९१० चा निकाल जिथे लागला तिथेही, पुढे हवा पालटली. शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीनंतर तेथे कर्तव्यावर असलेल्या काही पोलिसांनी मानसिक इजेसाठी नुकसानभरपाईचे दावे केले. तो कामगार भरपाईचा कायदा नव्हता, निष्काळजीपणाचा दिवाणी दावा होता. १९९८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायालयाने, तो फेटाळला. मृतांच्या नातेवाइकांचे दावे १९९१ मध्ये फेटाळले असताना पोलिसांना भरपाई देणे लोकांना न्याय्य वाटणार नाही, हा त्या निकालामागचा एक विचार होता.

दरम्यान वैद्यकशास्त्र पुढे सरकले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी हे स्वतंत्र निदान म्हणून घेतले. त्यामागे प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत एक महत्त्वाची भर पडली. आघाताच्या भीषण तपशिलांशी कामानिमित्त वारंवार येणारा संबंध हाही निदानाला पुरेसा मानला गेला आणि मानवी अवशेष गोळा करणारे कर्मचारी व बाल अत्याचाराचे तपशील पुन्हा पुन्हा ऐकावे लागणारे पोलीस ही त्याची उदाहरणे थेट पुस्तिकेत छापली गेली. टीव्हीवर तीच दृश्ये पाहणाऱ्याला हा निकष लागू नाही. ते पाहणे कामाचा भाग असले पाहिजे. नोकरीशी असलेला संबंध अशा रीतीने निदानाच्या व्याख्येतच आला.

कायदे मात्र बदलले ते मोठ्या शोकांतिकांनंतर. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील न्यूटाउन गावाच्या सँडी हुक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. ज्या पोलिसांनी वर्गांत जाऊन ते दृश्य पाहिले, त्यांना १९९३ च्या व्याख्येमुळे कामगार भरपाईत स्थान नव्हते. राज्याला त्यांच्यासाठी वेगळा मदतनिधी उभारावा लागला. कायदा मोडीत न काढता सहानुभूतीने वेळ निभावून नेण्याचा तो मार्ग होता. पोलीस व अग्निशमन जवानांना पीटीएसडीसाठी भरपाई देणारा कायदा तेथे २०१९ मध्ये झाला आणि तोही लाभ ५२ आठवड्यांपुरता. कोविडच्या साथीत रुग्णसेवेतील कर्मचारी त्यात आले आणि १ जानेवारी २०२४ पासून तो सर्वच कामगारांना लागू झाला.

फ्लोरिडातील तरतूद जवळून पाहण्यासारखी आहे. तेथे २००७ पासून शारीरिक इजा नसलेल्या मानसिक विकारासाठी या कर्मचाऱ्यांना औषधोपचाराचा खर्च मिळे, पण काम करता न आल्याने बुडालेला पगार मिळत नसे. डॉक्टरचे बिल भरले जाई, पण घराचा हप्ता थकत राही. जून २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या पल्स नाइट क्लबमधील गोळीबारात ४९ जणांचा बळी गेला. तेथे आत गेलेल्या पोलिसांना हीच अडचण आली आणि प्रश्न ऐरणीवर आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले आणि पुढच्याच महिन्यात गव्हर्नर रिक स्कॉट यांनी बुडालेल्या पगाराचीही भरपाई देणाऱ्या कायद्यावर सही केली.

या कायद्यात अकरा प्रसंगांची यादी आहे. मृत बालक स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, बालकाचा मृत्यू प्रत्यक्ष होताना पाहणे, जखमी बालकाला हाताने उचलून नेणे आणि रुग्णालयात पोचण्यापूर्वी किंवा पोचताच त्याचा मृत्यू होणे, विवेकाला हादरवून टाकेल इतक्या भीषण अवस्थेतील मृतदेह पाहणे, असे ते प्रसंग आहेत. विकार यांपैकी एखाद्या प्रसंगातून उद्भवला, हे नेहमीच्या दाव्यापेक्षा वरच्या दर्जाच्या पुराव्याने दाखवावे लागते आणि मूळ तरतुदीप्रमाणे दावा प्रसंगापासून ५२ आठवड्यांत करावा लागे. ही यादी वाचताना तिच्या मागे कोणाचे तरी अनुभव बसलेले जाणवतात. अशा ओळी केवळ कल्पनेने लिहिता येत नाहीत. पण त्याच यादीची मर्यादाही तिथेच दिसते. वीस वर्षे रुग्णवाहिकेवर काढलेल्या माणसाला नेमक्या कोणत्या रात्रीने मोडले, हे त्याला स्वतःला तरी सांगता येईल का? शिवाय त्या कायद्याच्या व्याख्येत आपत्कालीन दूरध्वनी घेणारी माणसे नव्हती. आईचा आक्रोश कानांनी ऐकणारा, पण घटनास्थळी पाऊलही न ठेवणारा हा कर्मचारी ‘डोळ्यांनी पाहणे’ या अटीत कसा बसणार?

कॅनडाने वेगळी वाट धरली. तेथे अग्निशमन जवानांच्या कर्करोगासाठी ‘गृहीत धरण्याचे’ कायदे आधीच होते. मॅनिटोबाने २००२ मध्ये त्याची सुरुवात केली होती. जवानाला ठराविक कर्करोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे मानायचे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर टाकायची. अल्बर्टाने २०१२ मध्ये हेच तत्त्व आपत्कालीन कर्मचाऱ्यांच्या पीटीएसडीला लावले. ओंटारियोत शेरी डिनोवो या विरोधी पक्षाच्या सदस्या २००८ पासून अशी विधेयके पुन्हा पुन्हा मांडत होत्या; एप्रिल २०१६ मध्ये सरकारने स्वतःचे विधेयक मंजूर करून घेतले आणि त्यात पोलीस, अग्निशमन दल व रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसोबत दूरध्वनी घेणारे आणि तुरुंग कर्मचारीही होते. मॅनिटोबाने तर त्याच वर्षापासून पीटीएसडीचे हे गृहीतक सर्व कामगारांना लावले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून अग्निशमन जवान व पोलिसांसाठी ते स्वीकारले, मात्र ठराविक मुदतीपुरते. ती मुदत पुढे २०२९ पर्यंत वाढवण्यात आली.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर, हा तांत्रिक मुद्दा वाटतो, पण पीटीएसडीच्या रुग्णासाठी तोच सर्वांत मोठा आहे. आठवण टाळणे हे या आजाराचे एक मुख्य लक्षण आहे. आपल्या आजाराचे कारण पटवून देण्यासाठी नेमकी तीच आठवण विमा कंपनीच्या वकिलापुढे तपशीलवार सांगायला लावणे म्हणजे त्याच्या दुखण्यालाच त्याच्याविरुद्ध उभे करणे होय.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये व्यावसायिक रोगांची सुधारित यादी मान्य केली, तेव्हा त्यात प्रथमच मानसिक विकारांचा विभाग आला आणि त्यातील पहिली नोंद पीटीएसडीची होती. भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात शिशाची विषबाधा, सिलिकोसिस यांसारखे व्यावसायिक रोग होते, मनाचा एकही आजार नव्हता. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मात्र अग्निशमन दलातील नोकरी नाव घेऊन नोंदवलेली होती. आणि त्याच्या कलम ३ मधील ‘कामामुळे व काम करीत असताना घडलेल्या अपघाताने झालेली वैयक्तिक इजा’ ही शब्दरचना थेट इंग्रजी कायद्यातून आलेली आहे. यॉर्कशायरच्या त्या खाण मजुराला १९१० मध्ये भरपाई मिळाली, ती याच शब्दांच्या आधारे.