आपलं बरं, देशाचं वाईट: अमेरिकेतल्या हेल्थ इन्शुरन्सची पार्श्वभूमी

गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था, ते 2001 पासून दर नोव्हेंबरात अमेरिकन लोकांना हेल्थकेअरबद्दल विचारतात आणि उत्तरं कायम दुतोंडी येतात. 2024 मध्ये स्वतःचं कव्हरेज चांगलं म्हणणारे 65 टक्के, देशाचं चांगलं म्हणणारे 28, आणि देशातल्या खर्चावर समाधानी जेमतेम 19. मला विचाराल तर ह्याचं कारण एकच, नोकरीवाल्या माणसाला आपल्या इन्शुरन्सची खरी किंमत कधी दिसलीच नाही.

सुरुवात 1929 ची, डॅलसमधली. बेलर हॉस्पिटलने शाळेतल्या शिक्षकांना महिना 50 सेंट भरा, 21 दिवस ऍडमिट व्हायची सोय घ्या अशी स्कीम काढली, त्यातूनच पुढे ब्लू क्रॉस हे इन्शुरन्सचं मोठं जाळं उभं राहिलं. मग दुसरं महायुद्ध आलं, 1942 ला सरकारने पगार गोठवले, कारखान्यांना माणसं तर हवीत पण पगार वाढवता येत नाही, मग काय, इन्शुरन्स पगारात धरत नव्हते म्हणून तोच देऊन माणसं ओढायला लागले. म्हणजे युद्धातला जुगाड. पण 1954 च्या टॅक्स कायद्याने कंपनीने भरलेल्या प्रीमियमवर कामगाराला टॅक्स नाही हे पक्कं केलं आणि जुगाड कायमचा झाला.

मधे 1945 ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी सगळ्यांसाठी सरकारी विमा मागितला होता. डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे एएमएने, ही तर समाजवादी वैद्यकी म्हणून रान उठवलं आणि ते बारगळलं. 1965 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी मेडिकेअर हा सरकारी विमा आणला तो 65 च्या पुढच्यांसाठी, गरिबांसाठी मेडिकेड, आणि पहिलं मेडिकेअर कार्ड दिलं म्हाताऱ्या ट्रुमननाच!

मधल्या वयातले मात्र कंपनीच्या भरवशावरच राहिले. नोकरी नसेल आणि आधीचा आजार असेल तर इन्शुरन्स कंपनी सरळ नाही म्हणायची, ते 2010 च्या ओबामाकेअर ह्या कायद्याने थांबवलं, पोरांना 26 वर्षांपर्यंत आईबापाच्या पॉलिसीत ठेवलं. किंमत मात्र चढतच गेली. केएफएफ ह्या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेत कंपनीमार्फतच्या फॅमिली प्लॅनचा सरासरी प्रीमियम 1999 ला 5,791 डॉलर होता, 2024 ला 25,572. त्यातले कामगाराच्या खिशातून 6,296, बाकी कंपनी भरते. इकॉनॉमिस्ट म्हणतात की ते कंपनीचे पैसेही शेवटी पगारातूनच कापलेले असतात, फक्त स्लिपवर दिसत नाहीत. वर डिडक्टिबल, म्हणजे तेवढे आधी आपण भरायचे मग इन्शुरन्स सुरू. ते वाढत गेलं तसं लोकांना चटके बसायला लागले.

आपल्याकडून एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांना हे नोकरी गेल्यावर चांगलंच कळतं, एकीकडे नवी नोकरी शोधायला 60 दिवस आणि दुसरीकडे कोब्राचं पत्र. कोब्रा हा 1986 चा कायदा, जुनाच इन्शुरन्स चालू ठेवता येतो, पण अख्खा प्रीमियम आपणच भरायचा, वर 2 टक्के हाताळणीचे. त्या कागदावर पूर्ण आकडा पहिल्यांदा नजरेत भरतो.