मंद्र षड्ज ओळखायला लागणारा वेळ

गेल्या गणेशोत्सवात खानापूरजवळच्या आमच्या भजनी मंडळाने बेळगावातील एका तरुण संगीतकाराच्या लॅपटॉपच्या साथीने अभंग सादर केला. गायकाचा स्वर सॉफ्टवेअरने ओळखायचा आणि त्याच स्वराचा घंटानाद तत्क्षणी उमटवायचा, अशी रचना होती. तार सप्तकात ती उत्तम साधली. गायक मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरले की घंटा मागे पडे. संगणक जुना असल्याचे निदान सर्वांनी केले, परंतु खरे कारण ध्वनीच्या स्वरूपातच आहे.

सॉफ्टवेअर ध्वनिलहर सेकंदाला 48,000 वेळा मोजते आणि ते नमुने, समजा, 256 च्या गठ्ठ्यांनी हाताळते. एका गठ्ठ्याला सुमारे 5.3 मिलिसेकंद लागतात. हा विलंब गठ्ठा लहान करून घटवता येतो. स्वर ओळखण्याचे तसे नाही. स्वर म्हणजे लहरीची नियमित पुनरावृत्ती, आणि एखादी गोष्ट पुन्हा घडली हे ती दुसऱ्यांदा घडेपर्यंत कोणालाच कळू शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला लहरीची साधारण दोन आवर्तने तरी थांबावेच लागते. काळी एकच्या पट्टीत (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) पुरुष गायकाचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, सुमारे 277 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 277 आवर्तनांचा असतो, त्याची दोन आवर्तने 7 मिलिसेकंदांत संपतात. मंद्र षड्ज सुमारे 69 हर्ट्झचा, त्याला 29 मिलिसेकंद लागतात. ध्वनी तेवढ्या वेळात दहा मीटर जातो, म्हणजे घंटावादक मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसवल्यासारखेच झाले.

  

पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन संस्थेत 1980 च्या दशकात मिलर पकेट यांनी ‘मॅक्स’ हे सॉफ्टवेअर घडवले, ते वादकाच्या सोबतीने संगणक चालावा यासाठीच. 1957 मध्ये संगणकावर संगीत निर्माण करणाऱ्या मॅक्स मॅथ्यूज यांचे नाव त्याला दिलेले आहे. अशा साधनांसाठी रचना करणाऱ्याने हा विलंब गृहीत धरूनच स्वरयोजना करावी, असे मला वाटते. पखवाजाची थाप ओळखण्यासाठी पुनरावृत्तीची गरज नसते, ध्वनीची एकाएकी झालेली वाढ पुरते. म्हणून घंटा केव्हा वाजावी हे थापेने ठरवावे आणि कोणत्या स्वरात वाजावी हे गायकाच्या आधीच्या मात्रेवरील स्वराने. पुढच्या एकादशीला आम्ही तीच मांडणी करून पाहिली, आणि मंद्र षड्जावरची घंटा समेला बरोबर पडली.