फुकटचं विंडोज आणि मुक्त लिनक्स

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपच्या दुकानात पंधरा मिनिटं उभं राहिलं की हे संभाषण कानावर पडतंच. "यात विंडोज आहे ना?" "नाही ताई, हा डॉसवाला पीस आहे, म्हणून तर स्वस्त. पण काळजी करू नका, विंडोज आम्ही फ्री टाकून देतो."

हा डॉसवाला पीस म्हणजे बहुतेक वेळा फ्रीडॉस. 1994 पासून जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, जिचा सगळा मूळ कोड कुणालाही उघडून वाचता येतो अशी ही प्रणाली. दुकानदार ती पुसतो, तिच्या जागी परवाना नसलेलं विंडोज बसवतो आणि त्याला फ्री म्हणतो. लिनक्स ही विंडोजच्या जागी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, आणि तिच्याबद्दलचा सगळा घोळ या एका शब्दात आहे. "लिनक्स फुकट आहे, मग घरोघरी का दिसत नाही?" हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की एकदा सगळं लिहूनच काढते.

विंडोज काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. रोज तेच वापरता. दिसण्यातला फरकही बाजूला ठेवू, तो आठवड्याभरात अंगवळणी पडतो. 'लिनक्स घ्यायचं की उबुंटू?' असंही लोक विचारतात, त्याचं उत्तर छोटं आहे: लिनक्स म्हणजे 1991 साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिहायला घेतलेला प्रणालीचा गाभा, आणि उबुंटू, मिंट, फेडोरा ही त्या गाभ्याभोवती बाकीचं सामान लावून तयार केलेली घरं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात का? घरच्या रोजच्या कामाला नाही.

खरी अडचण पुढे आहे. मराठीत दोन स्वच्छ शब्द आहेत. फुकट म्हणजे पैसे न मोजता मिळालेलं. मुक्त म्हणजे बंधन नसलेलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. तिथे प्रवेश घेणारे फी भरतात, आणि "मुक्त म्हणता, मग फी कसली?" असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही. इंग्रजीत मात्र दोन्ही अर्थ 'फ्री' या एकाच शब्दात कोंबलेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'फ्री सॉफ्टवेअर'चा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि मी किमतीबद्दल बोलत नाही, हे त्यांना पुढची कित्येक वर्षं सांगत बसावं लागलं. आपल्याला ही अडचण यायचं कारणच नव्हतं. पण आपण 'फ्री' हा शब्द उचलला आणि त्याच्याबरोबर तो गोंधळही घरात आणला.

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना तुम्हाला चार गोष्टी देतो. कशासाठीही वापरा. आतून कसं चालतं ते उघडून बघा. दुसऱ्याला प्रत द्या. हवा तसा बदल करा आणि बदललेलंही वाटा. किंमत शून्य असली पाहिजे असं त्यात कुठेही नाही. रेड हॅट ही कंपनी लिनक्स आणि त्याची देखभाल विकून एवढी मोठी झाली की 2019 साली आयबीएमने ती सुमारे 34 अब्ज डॉलरना विकत घेतली. म्हणजे मुक्त आहे आणि पैसेही लागतात. उलट व्हॉट्सॲपला आपण दमडी मोजत नाही, पण ते आतून पाहायचा किंवा बदलायचा अधिकार आपल्याला नाही. फुकट आहे, मुक्त नाही.

आणि दुकानात टाकून मिळालेलं विंडोज? ते मुक्त तर नाहीच. फुकट आहे का, ते सांगते.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दहा वर्षांपूर्वीचा संगणक आहे. त्याच्या सीपीयूवर सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'अँटिव्हायरस चालू करू नये.' मी सेक्रेटरीकाकांना विचारलं, हे कशासाठी?

"अगं, विंडोज टाकायला आला होता त्याने लावलीय. म्हणाला, चालू केलंत तर विंडोज बोंबलेल."

तो खोटं बोलला नव्हता. परवाना असल्याचं भासवण्यासाठी जे ॲक्टिव्हेटर चालवतात, त्याला विंडोजचा स्वतःचा रखवालदार, डिफेंडर, ओळखतो आणि काढून टाकतो. म्हणून मग रखवालदारालाच झोपवून ठेवायचं. सभासदांचे फोन नंबर, मेंटेनन्सचा हिशोब, नॉमिनेशनचे अर्ज, भाडेकरूंच्या आधार कार्डांचे स्कॅन, हे सगळं त्या संगणकात. त्याचं दार आपणच उघडं ठेवलेलं, आणि ते उघडं ठेवायला लावणारं ॲक्टिव्हेटर कुणी लिहिलं हे कुणालाच ठाऊक नाही. खालच्या गेटवर रात्रभर वॉचमन ठेवणारी सोसायटी हे चालवून घेते, कारण ते 'फ्री' आहे. याला मी फुकट म्हणायला तयार नाही.

इथेच लिनक्सची बाजू घेणारे आमचे मित्र दरवेळी घसरतात. ते मोठ्या उत्साहाने सांगतात, "काका, लिनक्स फुकट आहे!" काका म्हणतात, "आपलं विंडोजही फुकटच आहे की." संपला वाद. ज्या शहरात विंडोज आधीच पाच पैसे न देता मिळतं, तिथे फुकटपणाच्या जोरावर लिनक्स खपवणं म्हणजे नळाला पाणी असलेल्या घरी हंडा घेऊन जाणं. शिवाय 'फुकट' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, यात काहीतरी गोम असणार. लिनक्सची ओळख करून देताना हा शब्द पहिल्या वाक्यात वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मग काकांना मुक्त म्हणजे काय हे कसं सांगायचं? त्यांचा प्रश्न रास्त होता: "मला कुठे कोड वाचायचाय?" मी म्हटलं, काका, आपल्या सोसायटीचं दप्तर किती सभासद येऊन वाचतात? फार तर दोघं. पण सहकार कायद्याने सभासदाला दप्तर पाहायचा हक्क दिलाय, म्हणून तुम्ही प्रत्येक व्हाउचर नीट लावून ठेवता. न वाचणाऱ्यांनाही त्या हक्काचा फायदा मिळतोच. आणि समिती मनमानी करायला लागली तर सभासद दुसरी समिती निवडतात, घर सोडून जात नाहीत. सेक्रेटरीपदावर वर्षानुवर्षं असलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नाही, नुसती आठवण पुरली.

सॉफ्टवेअरमध्ये हे खरोखर घडलेलं आहे. ओपनऑफिस हे पत्रं आणि तक्ते करायचं मुक्त सॉफ्टवेअर सन कंपनीकडे होतं. 2010 च्या सुरुवातीला ओरॅकलने सन विकत घेतली. आता पुढे काय, ही धास्ती त्याचा कोड लिहिणाऱ्यांना वाटायला लागली, तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. कुणाची परवानगी लागली नाही, परवान्यातच ती होती. आज लोक लिब्रेऑफिस वापरतात. बंदिस्त सॉफ्टवेअरचा मालक बदलला की आपण फक्त बघत बसतो.

मराठी माणसाला तर हा फरक फार आधी कळायला हवा होता, कारण बंदिस्तपणाचा चटका आपण आपल्याच भाषेत खाल्लाय. सोसायटीच्या त्या संगणकात वर्षानुवर्षांच्या नोटिसा होत्या, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या पद्धतीच्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. मी त्या लिनक्सवर उघडल्या. 'सूचना' या शब्दाच्या जागी पाच रोमन अक्षरं आली: एल, डब्ल्यू, पी, यू, के. शेजारी बसलेले खजिनदार लगेच म्हणाले, "बघा, लिनक्सला मराठी येत नाही." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. त्या फायलीत मराठी कधी नव्हतंच. आत रोमन अक्षरंच साठवलेली होती, एका विशिष्ट फॉन्टने त्यांना देवनागरीचा अंगरखा चढवला होता. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसतं, आणि ग्रुपवर फाइल पाठवली की फोनवरही. स्वतःच्या सोसायटीचे ठराव वाचायला एका फॉन्टची मेहेरबानी लागत होती.

युनिकोडमधलं मराठी लिनक्सवर व्यवस्थित चालतं. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा कळफलक त्यात असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा. फॉन्ट म्हणाल तर आपल्या मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी घडवलेला 'मुक्ता' आहे: कुणीही घ्यावा, छापावा, बदलावा, आणि नावातच सगळं आलं. जुन्या नोटिसा मी युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या, मग दोन संध्याकाळी काकूंनी आणि मी बसून रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या हाताने दुरुस्त केल्या. कन्व्हर्टर तिथेच जास्त चुकतात.

तर रोजच्या संगणकावर लिनक्स रुजेल का? सगळीकडे नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हिशोबाचं टॅली लिनक्ससाठी बनत नाही. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपवर पोट असलेल्या डीटीपीवाल्याला लिनक्स वापर म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर रडवतात. एकाने माझे दोन रविवार घेतले. 'लिनक्सला व्हायरस लागतच नाही' हेही कृपया बोलू नका, ते खरं नाही.

पण ज्यांचं काम ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशोबाचा तक्ता आणि व्हिडिओ कॉलवर संपतं, त्यांच्यासाठी हीच वेळ आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत चालणारे संगणक भंगारात निघतायत. मी अशा संगणकांवर मिंटच टाकते. एका आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात आणि पडदा ओळखीचा वाटतो. आधी पेनड्राइव्हवरून चालवून दाखवायचं, वायफाय आणि प्रिंटर तपासायचा, मगच डिस्कला हात लावायचा.

रुजणं मात्र गुणांवर कमी आणि सवयीवर जास्त अवलंबून आहे. 2001 पासून महाराष्ट्रातली लाखो मुलं एमएस-सीआयटी शिकली आणि त्यांच्यासाठी संगणक म्हणजे विंडोज झालं. केरळात सरकारी शाळांचे संगणक वर्षानुवर्षं लिनक्सवर आहेत, तिथल्या मुलांना त्यात नवल वाटत नाही. आपल्याकडेही पवईत आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात करून ठेवलेत, ते पाहणारे कमी पडतात. आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. तो तुम्ही निवडला नाहीत, खोक्यातून तसाच आला. लॅपटॉपही खोक्यातून लिनक्ससकट येईल, आणि तो बिघडला तर नाक्यावरचा मुलगा पुसून न टाकता दुरुस्त करेल, तेव्हा माझ्यासारखीला हे लिहावं लागणार नाही.

सोसायटीच्या संगणकावरची चिठ्ठी आता काढलीय. नोटिसा मुक्तामध्ये छापल्या जातात आणि फोनवरही वाचता येतात. टॅली तेवढं अकाउंटंटच्या ऑफिसात विंडोजवर चालतं, आणि त्या विंडोजची पावती त्यांच्याकडे आहे.