जुन्या मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात? आधी हे करून बघा

निपाणीच्या तंबाखू वखारी, खानापूर भागातली किराणा दुकानं, हमरस्त्यावरचे वजनकाटे. मागे मोठं पोट असलेले जाड काचेचे मॉनिटर आजही अशा ठिकाणांहून आमच्याकडे दुरुस्तीला येतात. त्यातल्या बऱ्याच मॉनिटरांत बिघाड काहीच नसतो, फक्त चित्राची रुंदी जुळवायची असते. एवढ्यासाठी गाडीभाडं घालून बेळगावला येऊ नका.

मॉनिटर सुरू करून अर्धा तास चालू ठेवा, गरम होईपर्यंत चित्र थोडं हलतंच. मग समोरच्या बटणाने मेनू उघडा. आडव्या बाणांची दोन चिन्हं दिसतील. एकाने चित्र डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्याने रुंदी कमी-जास्त होते. आधी मधोमध आणा, मग रुंदी वाढवा. कडेला दोन-तीन मिलिमीटर काळं राहू द्या, नाहीतर टास्कबारचं टोक कापलं जातं. रुंदी बरोबर आली का, हे नजरेवर सोडू नका. विंडोजचं रिझोल्यूशन 1024 बाय 768 ठेवा, पेंटमध्ये शिफ्ट दाबून मोठा चौकोन काढा आणि काचेला फूटपट्टी लावून मोजा. उभी-आडवी बाजू सारखी भरली की झालं.

बिलाचा किंवा काट्याचा प्रोग्राम डॉसवर (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांवर चालणारी प्रणाली) असेल, तर तो सुरू असतानाच रुंदी पुन्हा जुळवा. डॉसचा अक्षरांचा मोड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवण्याची पद्धत, विंडोजपेक्षा वेगळा, 720 बाय 400, 70 हर्ट्झचा असतो. मेनूवाला मॉनिटर प्रत्येक मोडची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतो. ‘सेटिंग टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असतं.

रुंदी पूर्ण वाढवूनही पट्ट्या राहिल्या, किंवा ब्राइटनेस वाढवताच चित्र फुगायला लागलं, तर मात्र आतला बिघाड आहे. बऱ्याचदा सप्लायचे, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या भागाचे, कपॅसिटर सुकलेले असतात. तेव्हा आमच्याकडे या, पण मागचं झाकण कृपा करून उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबवर 25 हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहतो. जुन्या मॉडेलमध्ये रुंदीची कॉइल आत असते. तिचा फेराइटचा गाभा लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने फिरवला की तडकतो, आणि तसली कॉइल आता सहजासहजी मिळत नाही.

गाडीतून आणताना काच सीटच्या पाठीला टेकवा आणि मागच्या निमुळत्या भागावर काही ठेवू नका. कोणत्या प्रोग्राममध्ये चित्र अरुंद दिसतं, ते चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा.