व्हॅनवर नाव कंपनीचं, लायसन्स कुणाचं?

न्यूझीलंडमधल्या घरमालकांत एक समज फिरत असतो: ‘प्लंबिंग-गॅसचं लायसन्स कंपनीचं असतं, कंपनी बंद झाली की तक्रार संपली.’

समज का रुजला ते कळतं. बिल कंपनीचं, फोन कंपनीचा, व्हॅनवर नावही तिचंच. पण प्लंबर, गॅसफिटर आणि ड्रेनेजवाल्यांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार काम करणाऱ्याची नोंदणी आणि लायसन्स असतं त्याच्या स्वतःच्या नावावर. प्लंबिंग, गॅसफिटिंग आणि ड्रेनेज या तिन्हींची नोंदणी वेगळी. म्हणजे नळाचं लायसन्स असलेला माणूस तेवढ्यावर गॅसच्या पाइपला हात लावू शकत नाही. लायसन्सचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं.

या व्यवसायांचं नियामक मंडळ शिस्तभंगाची कारवाईही त्यामुळे त्या माणसावर करू शकतं, मग त्याने नोकरी बदललेली असो की कंपनी गुंडाळलेली. नोंदणी रद्द, लायसन्स निलंबित, प्रशिक्षणाची सक्ती, 10,000 डॉलरपर्यंत दंड, असं काहीही होऊ शकतं. तुमचे पैसे मात्र या मार्गाने परत मिळत नाहीत. त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो. इथे बऱ्याच जणांची निराशा होते.

खात्री करायला फार खटपट नाही. काम सुरू होण्याआधी दारात आलेल्या माणसाकडेच कार्ड मागा. मागण्यात संकोच कसला? त्यावर फोटो असतो, कुठलं काम करायची मुभा आहे तेही असतं. मग तेच नाव मंडळाच्या ऑनलाइन सार्वजनिक नोंदवहीत शोधा. गॅसचं काम झाल्यावर मिळणारं सुरक्षा प्रमाणपत्र जपून ठेवा: सही कुणाची, हे त्यावरच कळतं.