सातबारा संगणकात येताना: अभ्यासाचे प्रश्न कसे बदलले

सरकारी संगणकीकरणात आधी कशाचा अभ्यास हवा, याचे भारतातले पहिले उत्तर यंत्रे आणि जोडणी हे होते. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन झाले आणि पुढच्या दशकात निकनेट या त्याच्या जाळ्याने उपग्रहामार्फत जिल्हे जोडायला घेतले. मग लिपी. आयआयटी कानपूरमधले जिस्ट या भारतीय लिपी-तंत्राचे काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत पुढे गेले. पीसीत जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरही देवनागरी उमटे. भारतीय लिपींची संगणकीय संकेतावली इस्की १९९१ मध्ये भारतीय मानक झाली.

१९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने ८ जिल्ह्यांत भूमी अभिलेखांचा प्रायोगिक प्रकल्प घेतला. महाराष्ट्रातून वर्धा निवडला गेला. अवघड प्रश्न इथून पुढचे, आणि त्यांच्याकडे फार उशिरा लक्ष गेले. सातबारा सतत बदलतो. खरेदी, वारस, बोजा (कर्ज) यांचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, गाव नमुना ६ या नोंदवहीत लागतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यातल्या नमुना ७ वर अंमल होतो. टंकलेखन चालू असताना हस्तलिखित फेरफारही चालूच राहिले, तर संगणकातला उतारा पहिल्याच दिवशी शिळा ठरतो.

चुका ठरावीक जागी होतात. १ एकर २० गुंठे म्हणजे दीड एकर, ते १.२० असे भरले की हेक्टर-आरमध्ये क्षेत्र घटते. सामाईक खात्यात आणे-पैचे हिस्से १६ आण्यांना जुळत नाहीत. म्हणून लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराब (लागवडीस अयोग्य) क्षेत्र बरोबर एकूण क्षेत्र, ही तपासणी नोंद भरतानाच हवी. नंतर लेखनप्रमाद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होतो खरा, पण हेलपाटे शेतकऱ्याच्याच वाट्याला येतात.

कर्नाटकच्या ‘भूमी’ या भूमी अभिलेख प्रकल्पाने हे ओळखले. सुमारे २ कोटी उतारे संगणकात आल्यावर हस्तलिखित उतारा रद्द केला, फेरफाराचे अर्ज आल्या क्रमाने घेतले. आमच्या मते यंत्रखरेदीपेक्षा हा निर्णय मोठा. महाराष्ट्रात फेरफार संगणकावर नोंदवणारा ई-फेरफार आला, २०१७ मध्ये चावडीवाचन (गावात उताऱ्यांचे जाहीर वाचन) झाले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

आता अभ्यास हवा तो दस्त नोंदल्यापासून अंमल होईपर्यंतच्या दिवसांचा, आणि सातबाऱ्यावरचे व मोजणी नकाशावरचे क्षेत्र जुळत नाही अशा गटांचा.